कवेलू फेरायचे तीन दिवस

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला अक्कल शिकवायला नको. घराची चावी मी माझ्या हातानं दिली. सामान माझ्या हातानं बाहेर काढलं. तेही भर दिवसा, सगळ्या गल्लीच्या देखत. आणि तीन दिवसांनी परत आले तर दाराला दुसऱ्याचं कुलूप.

ज्यानं कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात दिवस काढलेत त्याला यात चूक दिसणारच नाही. आमचं गाव धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाला लागून. मे सरता सरता गावभर माणसं घरांवर चढलेली दिसतात. माकडांनी सरकवलेले कवेलू नीट बसवायचे, फुटलेले बदलायचे, वाळवी लागलेला एखादा फाटा, म्हणजे कवेलूखालचं लाकूड, काढून नवा घालायचा. याला कवेलू फेरणं म्हणतात. वर्षभराची धूळ, काजळी, पालीची अंडी, कधी विंचू, सगळं खाली पडतं, म्हणून आधी घर रिकामं करावं लागतं. भाडेकरू असाल तर सामान मालकाच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ठेवायचं आणि चावी मालकाकडे द्यायची, कारण कामाची माणसं त्याची. दोन-तीन दिवसांनी झाडून-सारवून परत आत. अठरा वर्षं मी हेच केलं. चावी देताना कोणी कागद लिहून घेतं का? घेतला असता तर म्हाताऱ्या मालकांनी मला वेड्यात काढलं असतं.

मी आरोग्य खात्यात नर्स होते. इकडे नर्सला सगळे सिस्टरच म्हणतात. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूलबाळ नाही. बदल्या होत होत या गावी आले आणि मागच्या अंगाच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढच्या अंगात मालक आणि त्यांची बायको. सगळं गाव मालकांना भाऊ म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला बाई, म्हणून मीही तेच म्हणायची. खोली बघायला आले तेव्हा गल्लीतल्या एकानं भाऊंना हळूच विचारलं होतं, ही सिस्टर कोणत्या लोकांपैकी आहे म्हणून. आम्ही बौद्ध, हे प्रश्न मला नवे नव्हते. भाऊ म्हणाले, "सुई टोचनाऱ्या लोकांपैकी हाये. तुले टोचू का?" त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

निवृत्त झाल्यावर मी गेले नाही. जाणार कुठे? मूल गावाजवळ सासरचं घर आहे, पण ते आता दिराचं. एक भाची चामोर्शीला आहे. माझा स्वभावही काही गोड नाही. नोकरीत असताना दिवसभर बोलून बोलून घसा बसायचा, त्यामुळे घरी आलं की दार लोटून घ्यायची सवय लागली. नोकरी संपली, पण सवय राहिली. सकाळी नळाला बाई दिसायच्या तेवढंच काय ते माणसाशी बोलणं. उरलेला दिवस मी, रेडिओ आणि छपरावरची माकडं.

भाऊ गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचा एकुलता मुलगा भद्रावतीला नोकरीला. त्याला मागच्या दोन खोल्या पाडून पक्कं बांधायचं होतं. एकदा येऊन म्हणाला, "सिस्टर, तुमी दुसरीकडे बगा आता." मी म्हटलं, बघते. खरंच बघितलंही, पण साठीच्या एकट्या बाईला घर द्यायला लोक कां कू करतात. आजारी पडली तर कोण बघणार, मेली तर कोणाला कळवायचं, असं तोंडावर विचारतात हो. मग मी बघणं सोडून दिलं आणि त्याला तसं सांगूनही टाकलं.

या वर्षी मेच्या शेवटी तो स्वतःच आला. आवाजात साखर घोळलेली. म्हणाला, "यंदा कवेलू मीच उभा राहून फेरून घेतो. मानसं पुडच्या घरातच राहतीन, तुमाले झोपाले जागा नाई होनार. भाचीकडे जाऊन या तीन दिवस." दरवर्षी मी ते दोन दिवस बाईंच्या खोलीतच काढायची. पण मी म्हटलं, ठीक आहे, पोरगा सुधारला. खाट, कपाट, गॅस, भांडी, सगळं सपरीत रचलं. चावी बाईंच्या हातात दिली. पिशवी घेऊन चामोर्शीच्या बसला लागले.

परत आले तेव्हा सामान होतं तसंच होतं, वर निळी ताडपत्री टाकलेली. छपराकडे बघितलं. एक कवेलू हललेला नव्हता. माझ्या दाराला पितळेचं नवं कोरं कुलूप. मुलगा सपरीत खुर्ची टाकून बसलेला.

"तुमी तं घर खाली केलं ना, सिस्टर."

"कवेलू फेरायला केलं."

"कोन्ते कवेलू? कोनी कवेलू फेरून राह्यलं का इथी? सगळ्यायनं पाह्यलं, तुमी सामान काढलं, चावी देल्ली अन् गेल्या."

एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. दारू पिऊन दवाखान्यात गोंधळ घालणाऱ्यांना मी एका हातानं बाहेर काढलंय. पण तिथे पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. बाई आतून बघत होत्या, बाहेर आल्या नाहीत.

गल्लीत विचारलं. शेजारच्या शिंप्यानं कानावर हात ठेवले. समोरची किराणावाली म्हणाली, "आमाले वाटलं तुमी गेल्या." मी म्हटलं, अगं अठरा वर्षं राहिलेली बाई जाते आहे असं वाटलं, तर कुठे चाललात एवढंही विचारावंसं वाटलं नाही? ती मान खाली घालून डाळ मोजत राहिली. तिची दोन्ही बाळंतपणं मी केलेली. राग तर आलाच, पण त्याहून वाईट हे वाटलं की ती खोटं बोलत नव्हती. मी गेले असं वाटलं, आणि कोणाचं काही अडलं नाही.

हातोड्यानं कुलूप फोडायचं माझ्या मनात होतं. आरोग्य उपकेंद्रावरच्या नव्या सिस्टरनं मला अडवलं. चांगली पोर आहे. तिनं क्वार्टरातली एक खोली मला दिली आणि म्हणाली, "मॅडम, आधी वकिलाला विचारा. गडचिरोलीला कोर्टात बायकांना फुकट वकील देतात." मला हे ठाऊक नव्हतं. गावोगाव बायकांना सरकारी योजना समजावत फिरले, आणि ही नाही ठाऊक.

वकील मिळाली ती माझ्या भाचीपेक्षाही लहान. चष्मा, पाठीवर सॅक. मी मनात म्हटलं, झालं, आता ही काय करणार. पण पहिलं वाक्यच तिनं असं टाकलं की मी सरळ बसले.

"कुलपाला हात लावू नका. तुम्ही तोडलंत की गुन्हा तुमच्यावर. त्यांनी लावलंय, ते त्यांच्याविरुद्ध आहे."

मग तिनं समजावलं. घर कोणाचं आहे हा प्रश्नच इथे नाही, ते त्याचंच. पण मी आत राहत होते, आणि माझ्या मर्जीविरुद्ध, कोर्टाच्या हुकमाशिवाय मला बाहेर काढलं, एवढं दाखवायचं. सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे, त्याच्या पुढे ही वाट बंद. ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. कुलपाचे, सामानाचे, न हललेल्या कवेलूंचे फोटो काढा. भाडं तो हातात घेत नसेल तर पोस्टातून मनीऑर्डर करा, परत आली तरी पावती जपा. आणि सामान तिथून हलवू नका.

"करारनामा?" तिनं विचारलं.

नव्हता.

"भाड्याच्या पावत्या?"

भाऊ दाराआडच्या कॅलेंडरवर टिक करायचे. कॅलेंडर वर्ष संपलं की चुलीत.

"आधारवरचा पत्ता?"

मूलजवळचा. आज ना उद्या जायचंच आहे गावी, म्हणून कधी बदलला नाही. वीज मीटर भाऊंच्या नावावर. मी तिच्यासमोर बसून हातांकडे बघत होते. या हातानं मी शेकडो पोरांच्या जन्माची नोंद लिहिली, गाव, घर, आईचं नाव, वेळेसकट. माझीच नोंद करायची राहून गेली होती. शेवटी गॅसचं पुस्तक सापडलं, त्यावर पत्ता या घरचा. वकील खूश झाली. म्हणाली, "राहत होता हे झालं. आता सोडलं नव्हतं, फक्त तीन दिवसांसाठी चावी दिली होती, हे सांगणारं कोणी हवं. कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. आणि मला रडू आलं. साठ वर्षांची बाई, तिच्या टेबलापाशी, सगळ्या अशिलांसमोर. मला अजून लाज वाटते.

सामान हलवायचं नाही म्हटल्यावर मी एक केलं. रोज सकाळी दहाला जाऊन सपरीत माझ्याच खाटेवर बसायची, पाच वाजता उठायची. ड्युटीसारखी. मुलगा रविवारीच भद्रावतीला परतला होता. गल्लीतून जाणारे बघायचे आणि नजर वळवायचे. कोणी थांबलं नाही. मी पेपर वाचायची, तो संपला की जुना पेपर वाचायची. असं एकटेपण मी घरात दार लावूनही कधी अनुभवलं नव्हतं. आत एकटं असणं वेगळं. उघड्यावर, चार माणसांच्या नजरेसमोर एकटं बसणं फार वाईट.

बाई पहिले चार दिवस बाहेर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी कपात चहा घेऊन आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"च्या घ्या."

मी घेतला. रागात होते, पण घेतला.

"वकिलानं काय म्हनलं?"

"कोणीतरी पाहिजे म्हणाली. मी घर सोडलं नव्हतं हे सांगणारं."

"मंग म्या काय मेली का?"

मी म्हटलं, "बाई, तुमचा मुलगा आहे तो."

"हो नं. म्याच पैदा केला." त्या पदरानं कपाखालची बशी पुसत होत्या, ती स्वच्छच होती. "चावी तुमी माया हातात देल्ली. माया हातातून त्यानं घेतली, म्हने मानसायले द्या लागते. मले नाई मालूम तं कोनाले मालूम? लोकायले वाटन म्हातारीनं बी संगनमत केलं. पाच दिवस झाले, मले जेवन जाऊन नाई राह्यलं."

मी नको म्हणायला हवं होतं. निदान एकदा तरी. म्हटलं नाही. मला घर पाहिजे होतं.

आम्ही दोघी गडचिरोलीच्या बसनं गेलो. त्यांना पंचाहत्तरीच्या वरचं म्हणून फुकट, मला बाई म्हणून अर्धं तिकीट. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. वाटेत जंगल बघत त्या बोलत होत्या, भाऊंबद्दल, घर बांधताना मातीत किती पाणी वाहिलं त्याबद्दल. मध्येच म्हणाल्या, "भाऊची तेरवी झाली अन् दुसऱ्याच दिवशी मले बी असंच हापिसात आनलं होतं. सही देल्ली म्या. हक्कसोड का काय म्हन्ते त्याले." मी 'हं' म्हटलं. माझं डोकं शपथपत्रात होतं, त्यात काय लिहायचं, काय राहायला नको. त्या 'हं'ची मला आज शरम वाटते. जरा जागी असते तर तिथेच समजलं असतं की या घरात त्यांचं नाव कुठेच उरलेलं नाही, आणि मी त्यांना काय करायला नेते आहे.

वकिलीणबाईंनी शपथपत्र वाचून दाखवलं. बाईंनी दोनदा थांबवलं. एकदा म्हणाल्या, तीन दिवस नाही, तीन दिवसांसाठी, नीट लिहा. दुसऱ्यांदा म्हणाल्या, लेकाले लबाड असं लिहू नका, फक्त चावी त्यानं नेली एवढंच लिहा. मग प्रौढ वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर जोडत, ठळक केली.

जुलैत हुकूम निघाला. दाव्याचा निकाल लागायला वेळ आहे, पण तोवर मला आत राहू द्यायचं. कोर्टाचा बेलीफ आला, दोन पंच घेतले, कुलूप काढलं, पंचनामा लिहिला आणि माझी सही घेतली. आत फरशीवर पाणी, भिंतीवर ओल, एका कोपऱ्यात कवेलू फुटून खाली पडलेला. पण माझं घर. मी दाराला टेकून उभी राहिले आणि मोठ्यानं हसले. बेलीफ बिचारा घाबरला.

कवेलू फेरायचे राहिलेच होते. वकिलीणबाईंच्या सांगण्यावरून मुलाला आधी लेखी कळवलं, त्यानं उत्तर दिलं नाही, तशी उघाड बघून मीच माणसं बोलावली. माणसं म्हणाली, सिस्टर, सामान काढा, बाहेर बसा. मी म्हटलं, बाहेर जाते माझी जुती. सामान मधोमध ओढलं, ताडपत्री टाकली आणि तिच्यावर छत्री उघडून बसले. दोन दिवस वरून धूळ, काजळी, पाली, काय काय पडत होतं. वरची माणसं खाली बघून हसायची. बाई दारातून हसायच्या. पदराआड तोंड लपवून, पोट धरून. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

पोळा जवळ आला होता तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही. आईला म्हणाला, "चाल, आता तिकडेच राहा. इथी तुयं काय काम हाये?" भद्रावतीच्या क्वार्टरात दोन खोल्या, सून, दोन नातवंडं. बाई कधी तिकडे चार दिवसांच्या वर राहिल्या नव्हत्या. त्या आतून एक बोचकं आणि पितळेचा तांब्या घेऊन आल्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, "त्यांना जायचं नसेल तर?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "तुमचा हुकूम मागच्या दोन खोल्यायचा हाये. पुडचं घर माया नावानं हाये. कागद पाह्यजे का?"

त्याचं खरं होतं. मला काढायचं तर त्याला कोर्टात जावं लागणार होतं, तारखा घ्याव्या लागणार होत्या. आईला काढायला एक गाडी पुरली.

मी सपरीच्या पायरीवर उभी राहून वकिलीणबाईंना फोन लावला. ती म्हणाली, "आहे ना कायदा, म्हाताऱ्या आईबापांसाठी आहे. अर्ज करा म्हणावं. पण तो त्यांनी स्वतः करायला हवा, मुलाच्या विरोधात." मी फोन ठेवला. मुलगा पुढच्या दाराला कुलूप लावत होता. बाई गाडीपाशी उभ्या होत्या. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्यासारका कागद मले नाई का भेटत?"

"भेटतो," मी म्हटलं. "पण त्याच्या विरोधात अर्ज करावा लागेल, बाई. सही तुमची लागेल. मी येते सोबत. आत्ता जाऊ."

त्यांनी मुलाकडे बघितलं. तो कुलूप ओढून ओढून बघत होता, लागलं की नाही.

"एक डाव सही केली त्याच्या इरुद्ध," त्या म्हणाल्या. "आता नाई होनार माया हातानं."

गाडीची पायरी उंच होती. त्यांचा गुडघा वर जाईना. मुलगा पलीकडून आत बसला होता. मग मीच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर चढवलं, बोचकं मांडीवर ठेवलं आणि दार लावलं.